अमेरिकेतल्या लांबलचक आलिशान सेडान बंद का झाल्या? गिऱ्हाईक म्हातारं झालं म्हणून?

फोर्डची लिंकन टाउन कार, जनरल मोटर्सच्या मोठ्या कॅडिलॅक, ब्यूक या गाड्या आता म्हाताऱ्यांकडेच का दिसतात आणि गिऱ्हाईक संपलं म्हणूनच त्या बंद झाल्या का, असं तुम्ही विचारलंय. मी डेट्रॉइटच्या आसपास राहतो, नोकरीही गाड्यांच्या सुट्या भागांच्या कंपनीत केली. गिऱ्हाईक म्हातारं झालं हे खरंच आहे. पण त्याच्या कितीतरी आधी कंपन्यांनी या गाड्यांवर पैसे खर्च करणं सोडून दिलं होतं, आणि माझ्या मते खरं कारण तेच.

कॅडिलॅक फ्लीटवूडचंच बघा. जवळपास १९ फूट लांब, मागच्या चाकांवर चालणारी, वेगळ्या चासीवर बॉडी बसवलेली गाडी. टेक्ससमधल्या आर्लिंग्टनच्या कारखान्यात ती बनायची. १९९६ मध्ये जनरल मोटर्सने ती बंद केली आणि तो कारखाना पिकअपच्या चासीवरच्या मोठ्या एसयूव्हींना दिला. फ्लीटवूडबरोबर शेव्हरोलेची कॅप्रीसही गेली, जी पोलीस खात्यांना हवी होती. मागणी होती, पण ट्रकच्या चासीवर चामड्याच्या सीट बसवून विकलं की एका गाडीमागे सुटणारा नफा कितीतरी जास्त होता.

त्यात कायद्याची भर पडली. १९७३ च्या तेलसंकटानंतर, १९७५ मध्ये अमेरिकेने कंपन्यांना सरासरी मायलेजचं बंधन घातलं. नव्वदच्या दशकात मोटारींसाठी ते गॅलनला २७.५ मैल होतं आणि ‘हलक्या ट्रक’साठी जेमतेम २०.७. एसयूव्ही या दुसऱ्या खात्यात मोडायच्या. शिवाय जास्त पेट्रोल पिणाऱ्या गाड्यांवरचा वेगळा कर फक्त मोटारींना लागू होता, ट्रकला नाही. म्हणजे मोठी सेडान विकली की कंपनीची सरासरी खाली यायची, आणि तेवढीच किंवा त्याहून जड एसयूव्ही विकली तर हिशेब सोपा व्हायचा. देशी आणि आयात मोटारींची सरासरी वेगवेगळी मोजली जायची. म्हणून फोर्डने तर नव्वदच्या सुरुवातीला क्राउन व्हिक्टोरिया या आपल्या मोठ्या सेडानमध्ये मुद्दाम परदेशी भाग वाढवले, म्हणजे कागदोपत्री ती ‘आयात’ गाड्यांच्या सरासरीत जाईल आणि देशी गाड्यांची सरासरी सावरेल. अमेरिकेच्या रस्त्यांवरची सगळ्यात अमेरिकन गाडी कायद्याच्या लेखी परदेशी!

१९९७ मध्ये लिंकनची नॅव्हिगेटर ही आलिशान एसयूव्ही आली, पुढच्या वर्षी कॅडिलॅकची एस्कलेड. टाउन कारला १९९८ च्या मॉडेलला नवं रूप मिळालं, २००३ मध्ये चासी आणि स्टीअरिंग सुधारलं, आणि त्यानंतर जवळजवळ काहीच नाही. २००७ मध्ये मिशिगनमधला विक्समचा कारखाना बंद करून तिला कॅनडात, सेंट थॉमसला नेलं. तिथे ऑगस्ट २०११ मध्ये शेवटची टाउन कार बनली. त्याच वर्षी कॅडिलॅक डीटीएस आणि ब्यूक लुसर्न या मोठ्या सेडानही गेल्या. सात-आठ वर्षं हात न लावलेली गाडी कोण घेणार? ज्यांना ती आधीपासून आवडत होती तेच. मग ‘ही म्हाताऱ्यांची गाडी’ म्हणायला सगळे मोकळे.

पुढची पिढी निसटली होती, हेही मान्य करायला हवं. १९८९ मध्ये लेक्ससची एलएस ४०० आली, जर्मन गाड्या होत्याच. वडिलांची टाउन कार मुलाला नको होती.

पण म्हातारी माणसं या गाड्या का सोडत नाहीत, हे त्यात बसल्याशिवाय कळत नाही. इथे सत्तरच्या दशकात आलेले एक काका आहेत, ऐंशी ओलांडलेले, निवृत्त इंजिनियर. त्यांच्या टाउन कारला गिअरचा दांडा स्टीअरिंगपाशी आहे, त्यामुळे पुढची सीट सलग. काकू बसल्या बसल्या सरकून मधे येतात, बर्फाच्या ढिगाच्या बाजूने उतरावं लागत नाही. दारावर आकड्यांची बटणं आहेत, किल्ली आत राहिली तरी दार उघडतं. डिकीत काकूंचा वॉकर आणि आठवड्याचा किराणा ठेवला की मागची बाजू किंचित दबते, मग कॉम्प्रेसर बारीक घरघरतो आणि मागचे एअर स्प्रिंग गाडी पुन्हा सपाटीला आणतात. काका म्हणतात, “अरे, रस्त्यातले खड्डे मला नकोच आहेत कळायला. तुमच्या त्या कडक गाड्या तुम्हाला लखलाभ.” मला यात हसण्यासारखं काही वाटत नाही. त्यांना काय हवंय ते त्यांना नेमकं ठाऊक आहे, आणि ते आज कुठल्याच शोरूममध्ये मिळत नाही.

त्यांच्या वयाच्या बऱ्याच जणांनी क्रॉसओव्हर, म्हणजे मोटारीच्या बांधणीवरच्या उंच, एसयूव्हीसारख्या गाड्या घेतल्या. खुबा बदललेल्या माणसाला थोडी उंच सीट सोयीची पडते, खाली बसून मग उठावं लागत नाही. ती सोय खरीच आहे. पण सहा जणांची ऐसपैस जागा, सलग सीट आणि तो तरंगता प्रवास त्यात नाही. हौशी तरुण आता अशा जुन्या गाड्या शोधत फिरतात. काकांना दर उन्हाळ्यात कुणीतरी पार्किंगमध्ये थांबवून विचारतं, विकणार का म्हणून.

मोठी सेडान परत आणायचा मधे एकदा प्रयत्न झाला. २०१६ ला कॅडिलॅक सीटी६, पाठोपाठ नवी लिंकन कॉन्टिनेन्टल. दोन्ही २०२० पर्यंत गुंडाळल्या. सीटी६ ज्या डेट्रॉइट-हॅमट्रॅमॅकच्या कारखान्यात बनायची, तिथे आता विजेवर चालणारी हमर आणि एस्कलेड बनतात.

मोठी कॅडिलॅक आजही मिळते, सेलेस्टिक नावाची, हाताने बनवलेली, किंमत तीन लाख डॉलरच्या वर. मला खरं दुःख याचं वाटतं. टाउन कार किंवा ब्यूक पार्क अव्हेन्यू ही कारखान्यातल्या फोरमनला, शाळेच्या मुख्याध्यापकाला निवृत्तीच्या पैशांत घेता यायची. डेट्रॉइटमध्ये आयुष्यभर गाड्या बनवलेल्या माणसाला म्हातारपणी परवडेल अशी मोठी, मऊ, स्वदेशी सेडान आता डेट्रॉइट बनवत नाही.