वाचक विचारतात : जुन्या गाडीच्या पुढच्या-मागच्या काचा

प्रश्न : बाबांची 1972ची फिएट सध्या वागळे इस्टेटला डेंटिंगला टाकलीये. पत्र्याचं काम होत आलंय, रंग बाकी आहे. पुढच्या काचेवर वायपरने घासून ओरखडे पडलेत आणि मागची काच गाडी हलवताना फुटली. पेंटर म्हणतो काचेचं नंतर बघू, आधी रंग उरकू. काचवाला म्हणतो रबर सोडा, नवीन गाड्यांसारखी काच चिकटवूनच देतो, कधी गळणार नाही. कुणाचं ऐकू? (एक वाचक, नौपाडा, ठाणे)

उत्तर : पेंटरचं अर्धं ऐका, काचवाल्याचं अजिबात नको. काच रंगानंतरच कायमची बसते हे खरं, पण दोन्ही काचा आणि नवीन रबर हातात आल्याशिवाय गाडीला रंग लावू देऊ नका. कारण असं की पत्र्याचं काम झालं, खालच्या कोपऱ्यातला गंज कापून तिथे नवीन तुकडा वेल्ड केला की काचेची चौकट दोन-चार मिलिमीटर तरी इकडे-तिकडे होतेच, आणि बाजारात मिळणारी काचही दरवेळी जुनीच्या तंतोतंत मापाची असेल असं नाही. हे रंगानंतर कळलं तर ग्राइंडर नव्या रंगावर चालवावा लागतो. म्हणून गाडी प्रायमरवर असतानाच दोन्ही काचा रबरासकट एकदा नुसत्या बसवून बघा, चौकटीचे दोन्ही कर्ण टेपने मोजा, चारही बाजूंनी रबराचा ओठ पत्र्यावर सारखा बसतोय ना बघा, मग काढा आणि रंगाला सोडा. डेंटर कुरकुर करेल, करू दे.

चिकटवण्याबद्दल. आजच्या गाड्यांमध्ये काच युरेथेनने चिकटवतात कारण बॉडीचं डिझाईनच तसं असतं, काच बॉडीच्या मजबुतीतला एक भाग असते आणि तिच्यासाठी रुंद सपाट पट्टी ठेवलेली असते. तुमच्या फिएटची चौकट रबरासाठी बनवलीये. पत्र्याची कड अरुंद, त्यावर रबर, रबरात काच, म्हणजे बॉडी खड्ड्यात पिळली तरी तो पीळ रबर खातं. तिथे काच घट्ट चिकटवली तर पीळ थेट काचेवर येणार, आणि पुढे कधी काढायची वेळ आली तर तारेने कापताना रंगही जाणार. आणखी एक, तुमची गाडी 50 वर्षांच्या पुढची आहे. 2021च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणून नोंदवायची असेल तर चासी, बॉडी शेल, इंजिन यात मोठा बदल केलेला चालत नाही. त्याच आकाराची काच बदलणं ही दुरुस्ती झाली, पण चिकटवायची म्हणून चौकट कापून रुंद करायला कुणी सुचवलं तर हात जोडा.

आता काच कुठली घ्यायची. पुढे लॅमिनेटेडच, यात पैसे वाचवू नका. दोन काचांच्या मध्ये पीव्हीबी नावाच्या प्लास्टिकचा पातळ थर असतो, दगड बसला तर तडा जातो पण काच जागेवर राहते आणि समोरचं दिसतं. जुन्या बऱ्याच गाड्यांना पुढेही टफन्ड काच असायची, ती फुटली की एका क्षणात पूर्ण जाळी होते आणि घोडबंदर रोडवर ट्रकच्या मागे असताना समोरचं काहीच दिसेनासं होतं, म्हणूनच 1990च्या दशकात नवीन गाड्यांना पुढे लॅमिनेटेड सक्तीची झाली. तुमच्या गाडीला नियम लागू नसला तरी डोळे तुमचेच आहेत. ओरखड्यांचं म्हणाल तर अगदी हलके असतील तर सेरियम ऑक्साइडने पॉलिश होतात, पण नखाला लागत असतील तर नाद सोडा, तेवढी काच घासली की तिथून रस्ता वाकडा दिसतो.

मागची खरी डोकेदुखी. टफन्ड काच एकदा भट्टीतून निघाली की कापता येत नाही, कड घासली तरी दाणे-दाणे होऊन सांडते, म्हणजे ती नेमक्या मापाचीच मिळायला हवी. कुर्ला ते कलिना सीएसटी रोडला फिरा, जुनी ओरिजिनल मिळाली तर उत्तम. मुंबईत पद्मिनी टॅक्सी होत्या तोवर या काचा, रबरं सगळीकडे खपायची, पण ऑक्टोबर 2023मध्ये शेवटची काळी-पिवळी पद्मिनी बंद झाली आणि आता हा माल शोधावाच लागतो. नाहीच मिळाली तर बनवून घ्या, आणि बनवताना मागेही लॅमिनेटेड सांगितलीत तरी चालेल, एकट्या-दुकट्या काचेसाठी तेच सोपं पडतं कारण साच्यावर गरम करून वाकवायची आणि जोडायची. तुमची फुटलीये त्यामुळे फर्मा, म्हणजे मापाचा नमुना, नुसत्या चौकटीवरून काढू नका, त्यात बाक येत नाही. ओळखीतल्या कुणाच्या फिएटची काच दोन दिवस मागा. काच घेताना कोपऱ्यातला शिक्का वाचा, आयएसआय मार्क आणि आयएस 2553 हा सेफ्टी काचेचा मानक क्रमांक असायला हवा.

बसवताना स्वतः उभे रहा. आधी रबर काचेवर चढवायचं, जोड खाली मधोमध. मग रबराच्या बाहेरच्या खाचेत, परकरात नाडी ओवतात तशी नायलॉनची दोरी पूर्ण फिरवायची, दोन्ही टोकं खाली मध्यावर एकमेकांवर वीतभर घेऊन गाडीच्या आत सोडायची. साबणाचं पाणी लावायचं, काच बाहेरून चौकटीवर टेकवायची, एकाने बाहेरून तळव्याने दाबत जायचं आणि दुसऱ्याने आतून दोरी हळूहळू ओढायची, दोरी जशी निघते तसा रबराचा ओठ पत्र्याच्या कडेवरून उलटून आत येतो. बघायला फार छान वाटतं. कोपऱ्यात अडलं तर थांबा, पाणी लावा, बाहेरच्याला तिथेच दाबायला सांगा. ठोकायचं नाही. क्रोम पट्टी सगळ्यात शेवटी.

प्रश्न : माझ्या अँबॅसेडरला नवीन काच, नवीन रबर लावलं तरी पावसात पायाशी पाणी येतं. मेकॅनिकने सगळीकडून सिलिकॉन भरलं, तरी तेच. (एक वाचक, नेरुळ)

उत्तर : आधी ते सिलिकॉन काढा. व्हिनेगरसारखा वास येणारं साधं सिलिकॉन असेल तर सुकताना त्यातून अ‍ॅसिड निघतं आणि पत्रा खातं, खाडीच्या हवेत गंजाला एवढं निमित्त पुरतं. मग पाण्याचा पाइप घ्या आणि खालून वर या, आत कुणाला तरी टॉर्च घेऊन बसवा. वरून पाणी ओतलं तर सगळंच ओलं होतं, कुठून येतंय कळत नाही. आधी काचेखालची हवेची जाळी आणि वायपरची बूड तपासा, कित्येकदा पाणी तिथून येतं आणि बदनाम काच होते. काचेकडूनच असेल तर रबर आणि काच यांच्यामध्ये, तसंच रबर आणि पत्रा यांच्यामध्ये न सुकणारं, मऊ राहणारं सीलंट भरायचं, वरून थापायचं नाही.

प्रश्न : फिएटला नवीन पुढची काच बसवली, चार दिवसांत गाडी उभी असताना कोपऱ्यातून तडा गेला. काचवाला म्हणतो काचेत दोष. (एक वाचक, कोलशेत)

उत्तर : दगडाचा डाग नसेल आणि तडा कडेपासून सुरू झाला असेल तर आधी चौकट बघा. तडा कडेला जिथे सुरू होतो तिथे पत्र्यावर मार्करने खूण करा, काच काढा आणि त्या खुणेवरून बोट फिरवा. बहुतेक वेळा वेल्डिंगचा थेंब, पुट्टीचा उंचवटा नाहीतर आत वळलेली कड बोटाला लागते. काच तिथे एका बिंदूवर टेकलेली असते, दुपारी पत्रा तापून ताणला की तिथूनच तडकते. तो उंचवटा घासून सपाट करा, उघड्या पत्र्याला प्रायमर मारा, मगच दुसरी काच मागवा, नाहीतर तीही त्याच जागी जाईल.