वाचकांचे प्रश्न : आरतीचं पाणी धूसर का होतं?

प्रश्न : रामकुंडावरच्या गोदाआरतीचं चित्रण एच.२६४मध्ये (व्हिडिओ दाबून साठवण्याची एक पद्धत) आहे, तासाला सुमारे २२ जीबी. त्याहून नव्या एच.२६५मध्ये बदललं की पाणी आणि दिवे धूसर दिसतात. एव्ही१ ही आणखी नवी पद्धत वापरावी का? – एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : दोष एच.२६५चा नाही. एन्कोडर (व्हिडिओ दाबणारी यंत्रणा) आधीच्या फ्रेममधला तसाच तुकडा शोधतो आणि फक्त फरक साठवतो. लाटा आणि ज्योती क्षणोक्षणी बदलतात, त्यामुळे जुळणारा तुकडा मिळत नाही आणि उरलेला फरक मोठा राहतो. बिटरेट (दर सेकंदाला वापरायचा डेटा) कमी ठेवलात, तर आधी हाच तपशील पुसला जातो. रात्रीच्या चित्रणातले रवाळ ठिपके त्यात भरच घालतात.

हँडब्रेक या व्हिडिओ बदलायच्या प्रोग्राममध्ये ठरावीक बिटरेट न देता एक्स२६५ (एच.२६५चा एन्कोडर) १०-बिट, प्रीसेट ‘स्लो’ आणि सीआरएफ (बिटरेटऐवजी दर्जा ठरवणारा आकडा) निवडा. आकडा जितका लहान, तितका दर्जा चांगला आणि फाइल मोठी. पाण्याचा सर्वांत अवघड ३० सेकंदांचा भाग २०, २२ आणि २४वर काढून मोठ्या टीव्हीवर पाहा. १०-बिटमधल्या जास्त रंगछटांमुळे संध्याकाळच्या आकाशातले पट्टेही कमी होतात. ठिपके फार असतील तर हलकं डीनॉइज (ठिपके पुसणं) करा, जास्त नको; नाहीतर पाणी मेणचट दिसतं. आवाज पासथ्रू (न बदलता जसाच्या तसा) ठेवा. ग्राफिक्स कार्डाचा एन्कोडर वेगवान असतो, पण तेवढ्याच दर्जाला सहसा जास्त जागा घेतो.

२०१८चं एव्ही१ आणखी जागा वाचवतं, मात्र जुने टीव्ही ते चालवत नाहीत. वाटायच्या प्रतींसाठी एच.२६५ बरं. आणि मूळ फाइल कृपया पुसू नका. प्रत्येक नव्या एन्कोडिंगमध्ये थोडा तपशील कायमचा जातो.