परीक्षा देशाची, परवाना राज्याचा

प्रश्न : माझी मुलगी टेक्सासमध्ये सहा वर्षे फिजिशियन असिस्टंट म्हणजे पीए (डॉक्टरांच्या सहकार्याने रुग्ण तपासणारी व औषधे लिहून देणारी वैद्यकीय व्यावसायिक) म्हणून पूर्णवेळ काम करते आहे. जावयांची बदली युटा राज्यात झाली असून तेथे तिला नवे लायसन्स काढावे लागेल, असे कळते. राष्ट्रीय परीक्षा एकदा उत्तीर्ण झाल्यावर पुन्हा परवाना कशासाठी? आणि आज ती जे काम करते, तेच तेथेही करता येईल का?

उत्तर : परीक्षा आणि परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पूर्ण करून ‘पॅन्स’ ही पीएंची राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यास ‘एनसीसीपीए’ ही पीएंना प्रमाणित करणारी संस्था जे प्रमाणपत्र देते, ते देशभर सारखेच असते. परंतु अमेरिकेत वैद्यकीय व्यवसायाचे नियमन केंद्र सरकारकडे नसून राज्यांकडे असल्यामुळे रुग्ण तपासण्याची परवानगी त्या त्या राज्याकडूनच घ्यावी लागते. या पेशाची सुरुवात 1965 मध्ये नॉर्थ कॅरोलिनातील ड्यूक विद्यापीठात झाली आणि पुढे राज्याराज्यांनी आपापल्या वेळी आपापले कायदे केले. मिसिसिपीने तर पीएंना परवाना देण्यास 2000 साल उजाडू दिले.

आपल्या मुलीला परीक्षा पुन्हा द्यावी लागणार नाही. जुन्या राज्याकडून परवान्याची पडताळणी येण्यास मात्र वेळ लागतो. तेव्हा परवाना हाती येण्याआधी रुजू होण्याची तारीख पक्की करू नये, हे बरे.

आपला दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. टेक्सासमध्ये पीएला औषधे लिहून देण्याचा अधिकार लेखी कराराने डॉक्टरकडून मिळतो, आणि तीव्र वेदनाशामकांसारखी ‘शेड्यूल 2’ या कडक नियंत्रणाच्या यादीमधील औषधे तिला प्रामुख्याने रुग्णालयातील किंवा हॉस्पिसमधील (अखेरच्या टप्प्यातील रुग्णांच्या शुश्रूषेतील) ठरावीक परिस्थितीतच लिहिता येतात. युटाने 2021 मध्ये कायदा बदलून अनुभवाच्या तासांवर मोकळीक दिली आहे. नवख्या पीएवर तेथेही बंधने आहेत, परंतु 10,000 तासांहून अधिक काम केलेल्यास डॉक्टरशी असा लेखी करार करण्याची कायदेशीर सक्ती नाही. वर्षाला साधारण 2,000 तास धरले, तर सहा वर्षांत आपल्या मुलीने ही मर्यादा ओलांडलेली असावी. त्या तासांचा लेखी पुरावा मात्र सध्याच्या नोकरीतून बाहेर पडण्यापूर्वीच घ्यावा, कारण नंतर तो मिळवणे फार कटकटीचे होते.

तरीही एक खाचखळगा राहतो. विशेष शाखा बदलून, समजा अस्थिरोगाकडून त्वचारोगाकडे जायचे ठरवले आणि नव्या शाखेतील अनुभव 4,000 तासांपेक्षा कमी असला, तर त्या शाखेतील अनुभवी डॉक्टरच्या सहकार्याने काही काळ काम करणे युटातही आवश्यक ठरते. शिवाय कायद्याने दिलेली मुभा रुग्णालय आपल्या अंतर्गत नियमांनी आकुंचित करू शकते. माझ्या मते नोकरीच्या करारात पगाराच्या आकड्याआधी हेच कलम वाचावे. नियंत्रित औषधे लिहायची असतील, तर डीईए या अमली पदार्थांवर नियंत्रण ठेवणाऱ्या केंद्रीय संस्थेकडील नोंदणीतही नव्या राज्यानुसार बदल करून घ्यावा लागतो.

पीएंसाठीचा आंतरराज्य करार (एका राज्याच्या परवान्याच्या आधारे इतर सहभागी राज्यांत काम करू देणारा) सात राज्यांच्या मान्यतेने 2024 मध्ये अमलात आला असून युटा त्यात सुरुवातीपासून आहे. असा करार पूर्णपणे सुरू झाला, तरी रुग्ण ज्या राज्यात असेल त्याच राज्याचे नियम पाळावे लागतात. म्हणजे करारामुळे कागदपत्रांचा व्याप कमी होईल. कामाची कक्षा सर्वत्र एकसारखी होणार नाही.

प्रश्न : माझी सून भारतात एमबीबीएस झाली असून आता अमेरिकेत असते. तिला पीएची परीक्षा थेट देता येईल का?

उत्तर : नाही. ‘पॅन्स’ला बसण्यासाठी ‘एआरसी-पीए’ या पीए अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या संस्थेने मान्य केलेल्या अमेरिकेतील अभ्यासक्रमाची पदवी लागते, आणि परदेशातील वैद्यकीय पदवी तिची जागा घेऊ शकत नाही. हा अभ्यासक्रम साधारणपणे दोन ते तीन वर्षांचा असतो. पैसे भरून थेट परीक्षेला बसवून देण्याचे आश्वासन कोणी देत असेल, तर त्यापासून दूर राहावे. दुसरा मार्ग ‘यूएसएमएलई’ ही डॉक्टरांच्या परवान्याची परीक्षा आणि त्यानंतर रेसिडेन्सी म्हणजे रुग्णालयातील प्रशिक्षणाचा आहे. तो अधिक लांबचा व स्पर्धेचा असला, तरी त्यात तिची सध्याची पदवी उपयोगी पडते. कोणता मार्ग धरायचा, हे तिचे वय, घरच्या जबाबदाऱ्या आणि भारतातील पदवीनंतर गेलेला काळ पाहून ठरवावे, कारण पदवीनंतर बरीच वर्षे लोटलेल्या अर्जदारांना रेसिडेन्सी मिळणे अवघड जाते.