ठेव मोडून क्विल्टिंग शिकायला जावं का?

प्रश्न: माझं वय ५४. गेल्या वर्षी नोकरी सोडली. घर यजमानांच्या पगारावर चालतं आणि महिनाअखेर थोडी शिल्लकही पडते. माझ्या नावावर एक मुदत ठेव आहे. सहा महिन्यांचा घरखर्च भागेल एवढी ती रक्कम आम्ही अडीअडचणीसाठी बाजूला ठेवली आहे. मध्यंतरी दोन दिवसांची क्विल्टिंगची, म्हणजे कापडाचे तुकडे जोडून तीन थरांची गोधडी शिवण्याची, कार्यशाळा केली आणि मला अक्षरशः वेड लागलं. फीच्या दुप्पट पैसे कापड, बॅटिंग (मधल्या थराचं भरण), कटर, मॅट यांत गेले. त्यातली निम्मी अवजारं होती. नंतर घरी लहान बाळासाठी एक क्विल्ट पूर्ण केला, ३६ बाय ४५ इंचांचा. त्याला चाळीसेक तास लागले. त्याच शिक्षिका आता वर्षभरात पाच कार्यशाळा घेणार आहेत. पाचांची फी आधीच एकदम भरली तर २० टक्के सवलत आहे. एका कार्यशाळेची फी आमच्या महिन्याच्या शिल्लकीएवढी आहे. ठेव मोडावी, फी भरून टाकावी आणि त्यातच नवं मशीन घ्यावं असं मनात आहे. पुढच्या वर्षी महिन्याला दोन मोठे क्विल्ट विकले की सगळे पैसे वसूल होतील. यजमान म्हणतात हा खर्च आहे, मी म्हणते गुंतवणूक. कोणाचं बरोबर?

उत्तर: ताई, यजमानांचं बरोबर आहे. हा खर्चच आहे. आणि तो तुम्ही करावा, असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र ठेव मोडून नाही, पाचही कार्यशाळा एकदम नाहीत आणि मशीन आत्ता मुळीच नको.

आपल्या आवडीला ‘गुंतवणूक’ म्हणायचा मोह का होतो, ते मला समजतं. आयुष्यभर घरासाठी काटकसर केलेल्या माणसाला केवळ स्वतःच्या आनंदासाठी पैसे काढताना अपराधी वाटतं. मग तो खर्चाला कमाईचं कारण जोडतो. माझ्याकडे येणाऱ्या अनेक स्त्रियांच्या बाबतीत मी हे पाहते आणि मला त्याचं वाईट वाटतं. दोन दिवस मनासारखं काही करायला मिळालं, हे कारण पुरेसं आहे. कमाईचं कारण जोडल्यामुळे उलट नुकसान होतं. गुंतवणूक म्हटलं की हात सैल सुटतो, आणि एरवी ज्या ठेवीकडे आपण वळूनही पाहिलं नसतं, ती मोडायचा विचार मनात येतो.

मी स्वतः अशा वर्गांना जाते, त्यामुळे तिथे पैशांच्या बदल्यात नेमकं काय मिळतं ते आधी बोलू. शिवणीचा पाव इंच घ्या. तुकडे जोडताना दोन्ही कडांना पाव इंच सोडायचा, हे कुठल्याही व्हिडिओत सांगतात. पण तुमची शिवण सोळांश इंचाने जरी जाड पडली, तरी प्रत्येक जोडावर दोन्ही बाजूंचं मिळून आठांश इंच कापड जास्त आत जातं. एका ओळीत आठ जोड असले की ओळ पूर्ण एका इंचाने आखूड भरते. मग शेजारच्या ओळीशी कोपरे जुळत नाहीत. आपण उसवतो, परत शिवतो, कापड ताणलं जातं आणि शेवटी वाटतं, आपल्याला हे जमणारच नाही. शिक्षिका मागून येते, शिवणीवर पट्टी ठेवते, सुई केसभर सरकवायला सांगते आणि पुढच्या दहा मिनिटांत कोपऱ्याला कोपरा लागतो. कापडाची घडी दुमडताना एखाद्या धाग्याची जाडी खाते, म्हणून पाव इंचाला किंचित कमीच शिवायचं असतं. ही गोष्ट वाचून कळते, पण हातात येते ती कुणीतरी शेजारी उभं राहिल्यावर. फीमधला हा भाग पूर्णपणे वसूल होतो.

दुसरी गोष्ट रंगांची. वर्गात भिंतीवर फ्लॅनेल लावलेलं असतं, त्यावर कापडाचे तुकडे टाचणीशिवाय चिकटून राहतात. लॉग कॅबिनचा ब्लॉक (मधल्या चौकोनाभोवती पट्ट्या जोडून केलेला चौकोनी भाग) तुम्ही केला असेल, अर्धा फिका आणि अर्धा गडद. असे सोळा ब्लॉक भिंतीवर लावायचे आणि मागे जाऊन बघायचं. शेजारची बाई म्हणते, ‘हे जरा फिरवून बघा ना.’ काही ब्लॉक पाव वळसा फिरतात आणि तिरक्या पट्ट्यांच्या जागी अचानक चौकटीत चौकट दिसायला लागते. कुणी फोनवर कृष्णधवल फोटो काढून दाखवतं, तेव्हा आपण गडद समजत होतो तो लाल तुकडा मधल्याच छटेचा निघतो. घरी एकटीने शिवताना हे घडत नाही. नोकरी सोडल्यानंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत माणसं भराभर कमी होतात. तेव्हा दहा-बारा जणींनी एका टेबलाभोवती आपल्या कामात डोकं घालणं याची किंमत मी फार मोठी धरते. लीफ व्हॅन बोव्हेन आणि थॉमस गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये मांडलं होतं की वस्तूंवर केलेल्या खर्चापेक्षा अनुभवांवर केलेला खर्च लोकांना जास्त समाधान देतो. तुमच्या बाबतीत हे मला अगदी लागू वाटतं, पण ते वर्गाला. कपाटात साठणाऱ्या कापडाला नाही.

तोटेही त्याच खोलीत असतात. वर्गाचा वेग ठरलेला असतो. ज्यांचा हात बसलाय त्या पुढे जातात, मागच्या मागेच राहतात, आणि दोन दिवस संपतात तेव्हा बहुतेकींच्या हातात अर्धवट काम असतं. पुढची कार्यशाळा महिन्या-दोन महिन्यांवर आली की ते बाजूला पडतं आणि नवं सुरू होतं. वर्षाच्या शेवटी पाच अर्धे क्विल्ट आणि पूर्ण एकही नाही, असं होणं अजिबात विरळा नाही. दिवसभर वाकून कापलं की मान आणि कंबर धरते. चाकासारख्या पात्याचा कटर धारदार असतो, कंटाळलेल्या हाताने चालवला तर बोट कापतो. शिवाय वर्गात दुसऱ्यांचं कापड बघून हात शिवशिवतात, ते वेगळंच.

आता सवलतीकडे बघू. एका कार्यशाळेची फी एक भाग धरा. तुमच्याच अनुभवाप्रमाणे, अवजारं आता घरात असल्यामुळे, प्रत्येक वेळी कापड-बॅटिंगला आणखी एक भाग लागेल. म्हणजे पाच कार्यशाळांचा पूर्ण खर्च दहा भाग. २० टक्के सवलत फक्त फीवर आहे, म्हणजे पाच भागांतला एक भाग वाचतो. एकूण खर्चात ती बचत १० टक्केच भरते. प्रवास आणि मुक्काम धरला तर त्याहूनही कमी. आणि ही बचत पदरात पडायला पाचही कार्यशाळा कराव्या लागतील. चार केल्या तर वेगवेगळी फी भरून जेवढे गेले असते तेवढेच जातात. तीनच जमल्या तर एक भाग वाया गेला. वर्षभरात घरात आजारपण येतं, पाहुणे येतात, लग्नं निघतात. पाचपैकी दोन चुकणं सहज शक्य आहे.

कापडाचा एक भाग मी धरला तो साध्या नमुन्यांसाठी. तुकडे बारीक असतील तर तो वाढेल. शिवून दोन इंचांचा दिसणारा चौकोन अडीच इंचांचा कापावा लागतो. क्षेत्रफळाने बघा, चार चौरस इंच दिसण्यासाठी सव्वासहा चौरस इंच कापड, म्हणजे दीडपटीहून जास्त. तोच चौकोन चार इंचांचा ठेवला तर कापड साधारण सव्वापट लागतं. ६० बाय ८० इंचांच्या क्विल्टला दोन इंचांचे १२०० तुकडे लागतात, चार इंचांचे ३००. त्यामुळे कार्यशाळा निवडताना नमुन्याचा फोटो बघून भुलू नका, तुकड्यांचा आकार विचारा. वरचा थर झाल्यावर अस्तर आणि बॅटिंग दोन्ही त्याहून मोठ्या मापाची घ्यावी लागतात, हेही सामानाच्या यादीत अनेकदा लिहिलेलं नसतं, कारण वर्गात फक्त वरचा थर शिवून घेतात.

कापड नवंच हवं, असं मात्र नाही. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या जीज बेंडच्या स्त्रियांनी कामाच्या जुन्या कपड्यांतून केलेले क्विल्ट २००२ मध्ये ह्यूस्टनच्या ललित कला संग्रहालयात मांडले गेले, आणि पुढे न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात. सरावाचे ब्लॉक घरातल्या जुन्या सुती कपड्यांतून करा. नव्या कापडाला हात पूर्ण क्विल्टच्या वेळी लावा.

विक्रीबद्दल मी थोडी कठोर बोलणार आहे, राग मानू नका. तुमचा बाळाचा क्विल्ट १६२० चौरस इंचांचा होता आणि त्याला चाळीस तास लागले. ६० बाय ८० चा क्विल्ट ४८०० चौरस इंच, म्हणजे जवळजवळ तिप्पट. त्याच वेगाने १२० तास. सरावाने वेग दुप्पट झाला तरी ६० तास, आणि महिन्याला दोन म्हणजे परत १२० तास. महिन्याला तीस दिवस रोज चार तास, सुट्टी नाही. आता विक्रीच्या किमतीतून कापड, बॅटिंग, दोरा, पाठवणीचा खर्च वजा करा आणि उरलेल्याला ६० ने भागा. तो आकडा नोकरीतल्या तुमच्या तासाच्या पगाराशेजारी लिहून बघा. बहुतेकींना तो बघून धक्का बसतो. हॅरिएट पॉवर्स या एकोणिसाव्या शतकातल्या, आज जगप्रसिद्ध असलेल्या अमेरिकी क्विल्ट कलावतीने आपला बायबलच्या कथांचा क्विल्ट अडचणीच्या काळात विकला, तेव्हा मागितले होते दहा डॉलर आणि हातात आले पाच. तो क्विल्ट आता अमेरिकेतल्या स्मिथसोनियन या संग्रहालय संस्थेच्या संग्रहात आहे. हातशिवणीच्या तासांचं मोल बाजार सहसा देत नाही. कमाई करणाऱ्या अनेकजणी शिकवून, नमुने विकून किंवा दुसऱ्यांचे क्विल्ट मशीनवर पूर्ण करून देऊन कमावतात. तो रस्ता तुम्हाला पुढे खुला आहे, पण त्यासाठी आधी स्वतःचे बरेच क्विल्ट शेवटच्या टाक्यापर्यंत गेलेले हवेत. आणि मला भीती याची वाटते की महिन्याला दोनची सक्ती लावून घेतलीत, तर ज्या गोष्टीचं वेड लागलं तिचाच वीट येईल.

म्हणून मशीन थांबवा. तुकडे जोडायला सरळ टाका नीट घालणारं घरचं कुठलंही मशीन चालतं. अडचण येते ती तिन्ही थर एकत्र शिवताना. थर एकमेकांवरून सरकतात आणि मोठ्या क्विल्टची गुंडाळी साध्या मशीनच्या बाहीखाली सहज मावत नाही. थर सरकू नयेत म्हणून आधी मशीनला लावायचा वॉकिंग फूट नावाचा पाय घ्या. तो वरचा थरही खालच्याबरोबर पुढे सरकवतो आणि मशीनच्या तुलनेत त्याचा खर्च किरकोळ असतो. एखादा मोठा क्विल्ट झालाच, तर लाँगआर्म (लांब बाहीच्या) मशीनवर काम करून देणाऱ्या व्यक्तीकडून तो पूर्ण करून घ्या. आकारणी बहुधा क्षेत्रफळावर असते. असे दोन-तीन क्विल्ट करून घेतलेत की मशीन घेणं परवडतं की आतबट्ट्याचं आहे, हे तुमच्याच पावत्या सांगतील.

पैसे कुठून आणायचे? महिन्याच्या शिल्लकीतले निम्मे. उरलेले निम्मे नेहमीप्रमाणे बचतीत जाऊ द्या, कारण तुमच्या घरात आता एकच पगार आहे. एक कार्यशाळा म्हणजे फी आणि सामान मिळून दोन भाग, म्हणजे चार महिन्यांचे निम्मे पैसे. वर्षाला तीन कार्यशाळा बरोबर बसतात. त्यासाठी वेगळं खातं काढा आणि कापडही त्याच खात्यातून घ्या. खात्यात पैसे नसतील तर त्या महिन्यात खरेदी नाही. पाचपैकी कुठल्या तीन घ्यायच्या? तीन थर जोडून टाके घालण्याची आणि कडेच्या पट्टीची कार्यशाळा असेल तर ती पहिली घ्या, कारण अर्धवट कामं पूर्ण व्हायला तेच कौशल्य लागतं. बाकीच्या दोन तुमच्या आवडीच्या. आधीच्या कार्यशाळेतलं काम पूर्ण झाल्याशिवाय पुढच्या कार्यशाळेची फी भरू नका, एवढं पथ्य पाळा.

ठेवीबद्दल: ती तुम्ही दोघांनी अडचणीसाठी ठेवलीय आणि एका पगारावर चालणाऱ्या घराला सहा महिन्यांची गंगाजळी जेमतेमच म्हणायची. मुदतीआधी मोडली तर व्याज कमी मिळतं आणि बहुतेक ठिकाणी दंडही कापतात. मुदत संपेल तेव्हा ती पुन्हा तशीच ठेवा.

फी भरण्याआधी शिक्षिकांशी एकदा बोला. तीन कार्यशाळा घेतल्या तर थोडी सवलत देता का, यायला जमलं नाही तर पैसे परत मिळतील की पुढच्या वर्गाला धरतील, वर्गात मशीन वापरायला मिळेल का, आणि सामानाच्या यादीतलं काय घरचं चालेल, हे विचारा आणि उत्तरं मेसेजवर लिहून घ्या. यजमानांनाही हा हिशोब दाखवा. खर्च आहे हे तुम्ही मान्य केलंत की त्यांचा विरोध कशाला होता, ते त्यांच्याकडूनच कळेल. माझा अंदाज असा की तो क्विल्टिंगला नसून ठेव मोडण्याला असावा.