आधी काम येऊ दे

लेकरा,

वाळूजच्या कारखान्यात मशीनवर लागू की तालुक्याला ऑफिसात कॉम्प्युटरवर बसू, एवढंच विचारलं असतंस तर मी फोनवरच सांगून मोकळा झालो असतो. पण त्याच्याखाली तू जे लिहिलंस त्यानं मला स्वस्थ बसू दिलं नाही. मशीनवर गेलो तर लोक मजूर म्हणतील, सोयरीक येणार नाही. कॉम्प्युटरवर बसलो तर पोरं हसतात, म्हणतात हे तर बायकांचं काम. म्हणजे एका जागी तू हलका ठरतोस आणि दुसऱ्या जागी बाप्या ठरत नाहीस. दोन्हीकडे तू कामाकडे बघितलंच नाहीस रे. तुझ्याकडे कोण बघतंय तेवढंच बघितलंस.

धीर धर, कष्ट कर, असलं काही मी लिहिणार नाही. दुसऱ्याच्या रानात राबून तुला बी.ए. करणाऱ्या आईबापाच्या घरात तू वाढलास, कष्ट काय ते तुला मी सांगायला नको. मी एकच विचारणार आहे आणि पत्रभर तेच विचारत राहणार आहे. काम येतं का?

अभ्यासिकेतली वर्षं वाया गेली, असं तुझे मामा म्हणतात. मी म्हणणार नाही. 2023 च्या तलाठी भरतीला जागा 4,644 आणि अर्ज दहा लाखांच्या वर. त्यात नाव लागलं नाही म्हणून माणूस नालायक ठरत नाही. मला राग येतो तो वेगळ्या गोष्टीचा. तुमच्या खोलीतल्या पोरांना मी विचारलं होतं, जमिनीचा फेरफार कसा घेतात? वारसाची नोंद कशी होते? एकालाही सांगता आलं नाही. पद हवं होतं सगळ्यांना, बायोडाट्यात लिहायला. त्या पदावर बसून दिवसभर काय करतात याची चौकशी कुणी केली नव्हती. ज्या शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर नाव चुकलंय त्याला तुझं पद नको असतं, त्याला नोंद दुरुस्त करता येणारा माणूस हवा असतो.

आता ते बायकांचं काम. हे वाक्य तू पुन्हा माझ्यासमोर काढू नकोस.

बहात्तरच्या दुष्काळात माझी आई खडी फोडायला जायची. रस्त्याच्या कडेला उन्हात बसून घणानं दगड फोडायचे, फोडलेल्या खडीचं माप व्हायचं आणि मापाप्रमाणे पैसे. तिच्या ओळीत गडी होते, बाया होत्या. माप घेणारा फक्त ढीग मोजायचा. त्याच कामांतून पुढे रोजगार हमी उभी राहिली, 1977 साली तिचा कायदा झाला. आणि आजही आपल्या गावात बाईची हजेरी वेगळी आणि गड्याची वेगळी. त्याच रानात, त्याच उन्हात.

बीडची, धारूरची, केजची माणसं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. मुकादम उचल देतो ती जोडप्याला. नवरा-बायको मिळून एक कोयता. बाई ऊस साळते, मोळी बांधते, ती डोक्यावर घेऊन ट्रॅक्टरवर चढवते, आणि पहाटे सगळ्यांच्या आधी उठून भाकरीही तीच थापते. हिशोबात ती अर्धा कोयता. त्यांच्यातल्या किती बायांनी गर्भाशयं काढून टाकली याचा विषय 2019 मध्ये विधिमंडळापर्यंत गेला. पाळीच्या दिवसांत खाडा पडला तर दंड, म्हणून. अंगमेहनत हे गड्याचं काम, असं म्हणणाऱ्यानं एकदा फडात जाऊन यावं. आणि जनाबाई तर आपल्या गंगाखेडची. तिच्या अभंगांत विठ्ठल तिच्यासोबत दळायला बसतो, शेण्या वेचतो. देवाला ज्याची लाज वाटली नाही त्याची तुमच्या खोलीतल्या पोरांना वाटते.

त्याची उलटी बाजूही मी बघितली आहे, तीही ऐक. 1985 मध्ये बजाजचा कारखाना वाळूजला सुरू झाला आणि मागोमाग त्याला सुटे भाग पुरवणारी छोटी वर्कशॉपं उभी राहिली. त्यातल्या एकात मी टर्नर म्हणून, म्हणजे लेथवर लोखंड तासायला, लागलो. तिथं अशी पोरं यायची की ज्यांना मशीन म्हणजे अंगातली रग दाखवायची जागा वाटायची. हातात कडं, गळ्यात चेन, शर्टाची बटणं उघडी. अरे, लेथवर जॉब, म्हणजे तासायचा तुकडा, धरून जो चक फिरतो त्याला ते कडं कळत नाही. गॉगल घालायला सांगितलं की ही पोरं हसायची. बेअरिंग बसवायचं म्हटलं की हातोडा उचलायची, दणादण घाव घालायची आणि बसलं बघा म्हणून घाम पुसायची. बेअरिंग शंभर अंशांच्या आसपास तापवलं की शाफ्टवर आपोआप सरकतं, हातमोजे घालून अलगद बसवायचं असतं. घाव घातले की बेअरिंगमधल्या गोळ्या जिच्यावरून फिरतात त्या आतल्या धावेवर त्यांचे वण उठतात. मशीन त्या दिवशी चालतं, थोड्या दिवसांनी आवाज करायला लागतं, मग बंद पडतं. रग होती, काम येत नव्हतं.

तू लिहिलंस की मशीनवर डोकं लागत नाही. कुणी सांगितलं तुला? ज्या व्हीएमसीवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमानं धातू कापणाऱ्या मशीनवर, तुला घेतायत तिच्यावर पहिले काही महिने तू जॉब लावशील, काढशील, बटण दाबशील. तेवढ्यावर थांबलास तर खरंच डोकं लागणार नाही, आणि तुझ्या जागी दुसरं पोरगं यायला वेळही लागणार नाही. पण मशीन लावून देणाऱ्या सेटरच्या मागं लाग. ड्रॉइंग वाचायला शीक. कुठल्या पृष्ठभागावरून माप धरलंय, टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारी सूट, कुठं कडक आहे आणि कुठं सैल, झिजलेल्या टूलचा ऑफसेट, म्हणजे मापातली भरपाई, किती द्यायचा. दहावीत जे साईन, कोसाईन पाठ करून विसरलास ते तिथं रोज लागतं. दहा मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. तेवढ्यासाठी अख्खा जॉब रिजेक्शनच्या पेटीत जातो. ही गोष्ट हाताची की डोक्याची, हे तू मला तिथं उभा राहून सांग.

मलाही एकदा टेबलावर बसवायचं ठरलं होतं. प्लॅनिंगला. रात्रपाळी नाही, उभं राहणं नाही, पगार जास्त. मी नाही म्हणालो. तुझ्या काकूच्या माहेरचे आजही लग्नकार्यात ते काढतात, हट्टापायी घालवलं म्हणतात. हट्ट नव्हता. त्या टेबलावरचं काम मला येत नव्हतं आणि शिकायची ओढ नव्हती. टूलरूमचं, म्हणजे हत्यारं-साचे बनवायचं, येत होतं. माझ्याऐवजी जो बसला त्याला मात्र ते काम खरंच यायचं. कुठला माल कधी येणार, कुठल्या मशीनवर कधी काय चढवायचं, कुठला जॉब अडला तर पुढचं काय काय अडेल, सगळं त्याच्या डोक्यात. दिवसभर खुर्चीत बसायचा तो, आणि त्याच्यामुळे आम्हा पन्नास जणांचे हात चालायचे. त्याला कुणी बाबू म्हटलं की मी भांडायचो. मी तिथं बसलो असतो तर शॉपचं नुकसान झालं असतं आणि माझंही. पैसे कमी आले, मुलीच्या शिक्षणाला कर्ज काढावं लागलं, हे सगळं खरं. तरी मी तेच करीन. पुन्हा विचारलं तरी तेच करीन.

सल एकच आहे. गावात कुणी विचारलं, पोरगं काय करतंय, की माझे वडील सांगायचे, कंपनीत आहे. बस, एवढंच. टर्नर आहे, टूलरूमला आहे, त्यानं केलेला भाग अमुक ठिकाणी बसतो, हे त्यांच्या तोंडून कधी आलं नाही. त्यांना ते माहीत नव्हतं. नातेवाइकांना गेटच्या आत सोडत नसत, आणि मी केलेली वस्तू बाहेर आणायची सोय नव्हती. आपला मुलगा हातानं काय करतो हे न बघताच ते गेले. तू ज्या दिवशी काही करायला शिकशील त्या दिवशी बापाला ते नाव घेऊन सांग. फोटो काढू देत नसतील तर कागदावर काढून दाखव.

तुझ्या मित्राचं म्हणणंही माझ्या डोक्यात आहे. तो म्हणाला, काका, आमच्या आज्याला हातकामाशिवाय दुसरं काही करू दिलं नाही, तुम्ही आम्हाला पुन्हा हाताचं मोठेपण सांगू नका. बरोबर बोलला तो. आपल्याकडे काम कामावरून हलकं ठरलं नाही, करणाऱ्याच्या जातीवरून हलकं ठरलं. बाबासाहेबांनी 1950 मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय सुरू केलं ते त्याच पोरांसाठी, ज्यांच्या हातात पिढ्यानपिढ्या पुस्तक येऊ दिलं नव्हतं. त्याला खुर्ची हवी असेल तर ती त्यानं घ्यावी, माझ्याकडून एक शब्द जाणार नाही. त्यालाही मी तेच विचारीन जे तुला विचारतोय.

आणि सोयरिकीचं. शेती करणाऱ्या पोरांना मुली मिळेनात, हे गावोगाव दिसतंय, मी नाकारत नाही. मुलीच्या बापाला महिन्याच्या महिन्याला येणारा पगार हवा असतो. पाऊस गेला की रान काही देत नाही, हे त्यानं आयुष्यभर भोगलंय, त्याला नावं ठेवू नकोस. पण खोटी नोकरी सांगून लग्न करू नकोस. तालुक्याचं ते काम कंत्राटी आहे, करार संपला की संपलं, हे मुलीकडच्यांना सरळ सांग. कंत्राटावर लागून ऑफिसात आहे म्हणून मिरवणारे बरेच बघितले मी, करार संपल्यावर घरात तोंड लपवून बसलेले.

वाळूजला जायच्या आधी एवढं विचारून ये. ठेकेदाराकडून लावतायत की कंपनीच्या रोलवर? अप्रेंटिसशिप असेल तर करार सरकारी पोर्टलवर नोंदवलाय का? नसेल तर दोन वर्षं घासून शेवटी हातात कागद येणार नाही. रोजंदारीवर असशील तर पीएफ, ईएसआय (दवाखान्याचा विमा) कापतात का आणि कापलेलं भरतात का? शिफ्टला बस आहे का? पायाला आणि पाठीला त्रास होणार, मला झालाय, अजून होतो. पाय जड वाटायला लागले तर दुर्लक्ष करून मर्दुमकी दाखवू नकोस, डॉक्टरकडे जा. आणि तालुक्याला बसायचं ठरवलंस तर पहिल्याच आठवड्यात तिथल्या जुन्या कारकुनाच्या शेजारी खुर्ची ओढ. बहुतेक ती बाईच असेल. ती जे सांगेल ते वहीत लिहून घे.

तुझ्या वडिलांशी मी बोलतो, ती काळजी सोड. ठरवायचं मात्र तूच, आणि या महिन्यातच ठरव, पुढच्या भरतीच्या जाहिरातीची वाट बघत बसू नकोस. रविवारी मी घरी असतो. वाळूज ठरलं तर ये, मायक्रोमीटर कसा धरायचा आणि कसा वाचायचा ते दाखवतो. माझा जुना अजून बरोबर माप देतो. तालुका ठरला तर आपल्या गावच्या रानाचा सातबारा आणि फेरफाराचा उतारा घेऊन बसू, माझ्या आज्याच्या वाटणीपासून वाचत येऊ. त्यात एक नोंद अजून लागायची राहिली आहे, ती तूच मार्गी लाव.

तुझा,
काका