बंद कॅमेऱ्यातली बॅटरी का उतरते?

प्रश्न : मी ऐरोलीला राहते आणि हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत बहुतेक रविवारी रोहित पक्ष्यांची छायाचित्रे काढायला खाडीवर जाते. डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) विकून नुकताच एक लहान मिररलेस (आरसा नसलेला) कॅमेरा घेतला असून जुनी टेलिफोटो लेन्स अ‍ॅडॉप्टर (जोडकडे) लावून त्यावर वापरते. घरी आल्यावर बॅटरी पूर्ण चार्ज करून कॅमेऱ्यात घालते आणि स्विच बंद ठेवते. तरीही पुढच्या रविवारी ती साठ टक्क्यांच्या आसपास दिसते. बॅटरी सदोष आहे, की मिररलेसचे असेच असते?

उत्तर : चालू असलेल्या मिररलेस कॅमेऱ्यात सेन्सर आणि व्ह्यूफाइंडरचा पडदा सतत काम करत असल्यामुळे त्याला डीएसएलआरपेक्षा जास्त वीज लागते, हे खरे आहे. मात्र तो खर्च कॅमेरा चालू असतानाचा. बंद कॅमेऱ्यातून आठवड्याला चाळीस टक्के चार्ज जात असेल, तर कुठे तरी गळती आहे असेच समजावे.

थोडा हिशेब करून पाहू. लहान मिररलेस कॅमेऱ्यांच्या बॅटरीची क्षमता साधारण १००० मिलिअँपिअर-तास असते. सात दिवसांत, म्हणजे १६८ तासांत, तिच्यातले ४०० मिलिअँपिअर-तास गेले, तर सरासरी प्रवाह सुमारे २.४ मिलिअँपिअर होतो. चांगली लिथियम-आयन बॅटरी नुसती ठेवली तर महिन्याभरात जेमतेम दोन-तीन टक्के उतरते. तेव्हा एवढा प्रवाह बॅटरीच्या स्वभावात बसत नाही. कॅमेऱ्यातला एखादा भाग जागा राहत असेल, तर मात्र तो सहज बसतो. अशा कॅमेऱ्यांचा स्विच बहुधा बॅटरीची जोडणी तोडत नाही, तो प्रोसेसरला फक्त झोपण्याची सूचना देतो, आणि ती सूचना सगळ्याच भागांपर्यंत पोहोचते असे नाही.

पहिला संशय ब्लूटूथवर घ्यावा. छायाचित्रे मोबाइलवर आपोआप यावीत किंवा त्यांवर ठिकाणाची नोंद व्हावी म्हणून आपण कॅमेरा मोबाइलशी जोडला असेल, तर स्विच बंद केल्यावरही तो संपर्क टिकवण्याची सोय निकॉन, सोनी, कॅनन यांच्या अनेक कॅमेऱ्यांत आहे. मेनूमधल्या ब्लूटूथ किंवा स्मार्टफोन-जोडणीच्या विभागात ‘कॅमेरा बंद असताना जोडणी ठेवा’ अशा अर्थाचा पर्याय शोधून तो बंद करावा. न सापडल्यास सरळ एअरप्लेन मोड लावावा. असे केल्यावर ठिकाणाची नोंद होणार नाही, म्हणून ऐरोलीच्या जैवविविधता केंद्राच्या बोटीत बसताना जोडणी सुरू करावी आणि परतल्यावर बंद करावी. ही सवय लागेपर्यंत दोन-चार रविवार विसर पडेल, तेवढे चालायचेच.

दुसरा संशय अ‍ॅडॉप्टरवर. स्वयंचलित फोकस देणाऱ्या अ‍ॅडॉप्टरमध्ये स्वतःची चिप असते आणि तिला वीज कॅमेऱ्याकडूनच मिळते. कॅमेरा बनवणाऱ्या कंपनीखेरीज इतरांनी बनवलेल्या काही अ‍ॅडॉप्टरांची चिप कॅमेरा बंद झाल्यावरही प्रवाह घेत राहते. काही वेळा फर्मवेअर, म्हणजे उपकरणातली मूळ आज्ञावली, अद्ययावत केल्यावर हा दोष जातो. जात नसेल तर काम झाल्यावर लेन्स अ‍ॅडॉप्टरसकट काढून कॅमेऱ्याला झाकण लावून ठेवण्यावाचून इलाज नाही.

यांतले नेमके कोण दोषी, हे एका वेळी एकच बदल करूनच कळते. सगळे उपाय एकदम केले तर गळती थांबेल, पण कारण हाती लागणार नाही. पहिल्या आठवड्यात बॅटरी पूर्ण चार्ज करून अ‍ॅडॉप्टर जागेवरच ठेवावा आणि फक्त एअरप्लेन मोड लावावा. फरक न पडल्यास पुढच्या आठवड्यात अ‍ॅडॉप्टर काढून ठेवावा. जवळ दुसरी बॅटरी असेल तर तीही पूर्ण चार्ज करून खणात ठेवावी आणि आठवड्याने कॅमेऱ्यात घालून तिचा आकडा पाहावा. खणातली बॅटरीही तितकीच उतरलेली दिसली, तर दोष बॅटरीत आहे. स्वस्त पर्यायी बॅटऱ्यांच्या बाबतीत पडद्यावरची टक्केवारीच फसवी असू शकते, हेही लक्षात ठेवावे. खणातली शाबूत आणि अ‍ॅडॉप्टर व ब्लूटूथ दोन्ही निर्दोष निघाले, तर कॅमेरा अधिकृत सेवा केंद्रात दाखवावा.

बॅटरी दर वेळी बाहेर काढणे हा हमखास उपाय आहे, पण दर आठवड्याला कॅमेरा वापरणाऱ्याला तो सुचवायला मी नाखूश आहे, कारण त्याने मूळ दोष झाकला जातो. चार्जिंग रविवारऐवजी शनिवारी रात्री करावे, हे मात्र जरूर सुचवेन. पूर्ण चार्ज झालेली बॅटरी उन्हाळ्याच्या उकाड्यात आठवडाभर पडून राहिली, तर तिची क्षमता लवकर घटते.

प्रश्न : पावसाळ्यात माझा मिररलेस कॅमेरा ठाण्याच्या घरी जून ते सप्टेंबर कपाटातच राहतो. बॅटरी आत राहू द्यावी का?

उत्तर : नको. चार महिने बारीक गळती चालू राहिली तर बॅटरी अगदी तळाला जाऊ शकते, आणि फार खाली गेलेल्या बॅटरीचे संरक्षक सर्किट तिला पुन्हा चार्ज होऊ देईलच असे नाही. बॅटरी निम्मी चार्ज असताना काढावी, तिच्या टोकांवर प्लास्टिकचे झाकण लावावे आणि घरातल्या थंड, कोरड्या जागी ठेवावी. किल्ल्या किंवा नाणी असलेल्या खणात ती ठेवू नये. मध्ये एकदा पाहून फार उतरली असल्यास निम्म्यापर्यंत चार्ज करावी. बॅटरी परत घालताना टोके कोरड्या, मऊ कापडाने पुसावीत. कॅमेऱ्यातले घड्याळ आतल्या छोट्या राखीव बॅटरीवर चालते आणि तिला मुख्य बॅटरीकडूनच चार्ज मिळतो, त्यामुळे चार महिन्यांनी तारीख चुकलेली असण्याचा संभव आहे. पहिले छायाचित्र काढण्याआधी ती लावून घ्यावी, म्हणजे फायलींचा क्रम बिघडणार नाही.