विश्वास तर्कशास्त्राच्या सूत्रात बसतो का?

तुम्ही विचारलंत: माझा तुमच्यावर विश्वास, तुमचा तिसऱ्यावर, मग माझाही त्याच्यावर आपोआप का नाही? कारण विश्वास विषयापुरता असतो. देवगडात वाऱ्या-भरतीबाबत मी तांडेलाचा (होडीच्या प्रमुखाचा) शब्द मानतो, हापूसच्या पेटीबाबत बागायतदाराचा.

बरोज, अबाडी आणि नीडहॅम या संगणकशास्त्रज्ञांच्या, निरोपांची खात्री तपासणाऱ्या १९८९ च्या तर्कपद्धतीत हाच नियम आहे. एखाद्या विधानावर तांडेलाचा अधिकार आहे असं मी मानतो, आणि तो स्वतः ते खरं मानतो असंही मी मानतो, तरच मी ते विधान स्वीकारतो. दुसरी अट फार महत्त्वाची, आणि नेमकी तीच विसरली जाते! ती पूर्ण व्हायला आलेला निरोप खरंच त्याचा, आणि ताजा हवा. कालचाच निरोप कुणी आज पुन्हा ऐकवला, तर पुढचं अनुमान काढताच येत नाही.